संग्रहालयाची संध्याकाळ

जुन्या पिढीतील लोक संग्रहालयाला अजबखाना म्हणत. शब्द रसाळ खरा. परंतु त्याने आपल्याला एक खोड लावून ठेवली. अजब वस्तू माणूस एकदाच पाहतो. दुसऱ्या भेटीत तिचे अजबपण ओसरलेले असते, आणि तिसऱ्या भेटीला कारणच उरत नाही. आपल्यापैकी बहुतेकांचा संग्रहालयाशी संबंध अशा दोन भेटींपुरताच असतो. एक शाळेच्या सहलीबरोबर, रांगेत उभे राहून, मास्तरांचा ‘हात लावू नका’ हा उपदेश ऐकत झालेली; दुसरी, परगावचे पाहुणे आले असता त्यांना गाव दाखविण्याच्या निमित्ताने घडलेली. देवळात आपण नित्य जातो, नाटकाला हौसेने जातो, गाण्याच्या बैठकीचे तर आमंत्रण यावे म्हणून वाट पाहतो. संग्रहालयाची वाट मात्र कोणी पाहत नाही.

यात दोष केवळ पाहणाऱ्यांचा नाही. संग्रह आणि प्रदर्शन या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हे आपल्याकडे पुष्कळदा विसरले जाते. संग्रह म्हणजे जमविलेल्या वस्तूंचा साठा. तो कपाटात असला काय आणि दालनात असला काय, साठा तो साठाच. प्रदर्शन म्हणजे त्या साठ्यातून काही निवडणे, ते एका क्रमाने मांडणे आणि ‘हे याच्याशेजारी का ठेवले’ असा प्रश्न पाहणाऱ्याच्या मनात उभा करणे. कीर्तनकारापाशी शेकडो आख्याने असतात. पण एका रात्री तो एकच लावतो, म्हणून दुसऱ्या रात्री लोक पुन्हा येतात. ज्या संग्रहालयात वर्षानुवर्षे तीच मूर्ती त्याच कोपऱ्यात त्याच धुळकट पाटीसह उभी असते, तेथे दुसऱ्यांदा कोणी का यावे?

दुसरी अडचण वेळेची. सकाळी दहाला उघडायचे आणि सायंकाळी पाचला कुलूप लावायचे, हा कचेरीचा शिरस्ता. जो मनुष्य स्वतः कचेरीत, दुकानात किंवा गिरणीत आहे, त्याला संग्रहालय जणू बंदच. या प्रश्नाचा विचार लंडनमधील साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयाने १८५७ च्या सुमारासच केला होता. आज व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट या नावाने ओळखली जाणारी ती संस्था. तिचे चालक हेन्री कोल यांनी चित्रांच्या दालनांत गॅसचे दिवे लावविले, संध्याकाळी दारे उघडी ठेवली आणि दिवसभर राबणाऱ्या लोकांना आत बोलाविले. खाण्यापिण्याची सोयही त्याच आवारात केली. कामकरी मनुष्याने संध्याकाळ गुत्त्यात घालविण्याऐवजी बायकामुलांसह चित्रे पाहावीत, हा त्यांचा हेतू होता. गॅसच्या धुराने चित्रे बिघडतील, गर्दीने शिस्त मोडेल, असे भय घालणारेही तेव्हा होतेच. तरी दिवे लागले. संग्रहालयाला संध्याकाळ असू शकते, हा विचार इतका जुना आहे.

या विचाराचे आपल्याकडील रूप पाहावयाचे तर मी मुंबई किंवा बडोदे न घेता माळव्यातील दोन गावे घेतो: धार आणि देवास. इंदूर मध्ये ठेवले तर पश्चिमेला सुमारे साठ-पासष्ट किलोमीटरवर धार आणि ईशान्येला पस्तीस-एक किलोमीटरवर देवास. दोन्ही पवारांच्या गाद्या. दोन्हीकडे पेशवाईपासून मराठी घरे नांदली, मराठी कागदपत्रे लिहिली गेली. १९४८ साली ही संस्थाने मध्य भारतात विलीन झाली आणि १९५६ पासून ती मध्य प्रदेशात आहेत. मोठ्या शहरातील भव्य संग्रहालयांविषयी सर्व जण बोलतात. पण कला पाहण्याची सवय गावाला कशी लागते आणि कशी सुटते, हे लहान राजधान्यांत अधिक स्पष्ट दिसते.

धारमधील गोष्ट एका शिळेपासून सुरू करू. १९०३ साली धार संस्थानचे शिक्षणाधिकारी काशिनाथ कृष्ण लेले यांना, लोक जिला भोजशाळा किंवा कमाल मौला मशीद म्हणतात त्या वास्तूत, काळ्या दगडाची एक मोठी शिळा आढळली. तिची लेख असलेली बाजू आत वळवून ती भिंतीत बसविलेली होती. त्या वास्तूच्या मालकीचा व उपासनेचा वाद पुढे न्यायालयांपर्यंत गेला. तो आजच्या भाषणाचा विषय नव्हे. शिळेवर काय निघाले, ते मात्र आपल्या विषयाच्या अगदी गाभ्यातले आहे. निघाले एक नाटक.

‘पारिजातमंजरी’ हे त्या नाटिकेचे नाव. कर्ता मदन, हा परमार राजा अर्जुनवर्मा याचा गुरू. काळ तेराव्या शतकाचा आरंभ. जर्मन पंडित हुल्ट्झ यांनी ‘एपिग्राफिया इंडिका’च्या आठव्या खंडात ती प्रसिद्ध केली. कथा अशी की, गुजरातच्या राजावर विजय मिळवून अर्जुनवर्मा हत्तीवर बसला असता आकाशातून पारिजाताचा तुरा त्याच्या छातीवर पडतो आणि त्या तुऱ्याची एक सुंदर कन्या होते. प्रस्तावनेत सूत्रधार सांगतो की, हे नवे नाटक वसंतोत्सवात, धारानगरीच्या चौऱ्याऐंशी चौकांचे भूषण असलेल्या शारदेच्या मंदिरात होणार आहे. म्हणजे एका गावातील विद्येचे घर, एक ऋतूचा उत्सव, जमलेले रसिक आणि नव्या कलाकृतीचा पहिला प्रयोग! आजचे एखादे कलासंग्रहालय जी निमंत्रणपत्रिका छापते, तीच धारने आठशे वर्षांपूर्वी दगडात कोरून ठेवली आहे. खोदणाऱ्याचे नावही त्यात आहे: सीहाक, रामदेव शिल्प्याचा मुलगा. आजच्या पत्रिकांत मांडणी करणाऱ्या सुताराचे नाव आपण कधी छापतो का?

अशी शिळा पाहायची कशी, हेही सांगितले पाहिजे. कारण दुपारच्या प्रखर उजेडात शिलालेखासमोर उभे राहिलेल्या माणसाला काळ्या दगडावर बारीक खाचांखेरीज काही दिसत नाही, आणि तो दोन मिनिटांत पुढे सरकतो. अक्षरे कोरलेली असतात, रंगविलेली नसतात. ती दिसतात ती आपल्या सावलीने. म्हणून उजेड समोरून नको, एका बाजूने, दगडाला जवळजवळ घासून जाणारा हवा. मावळत्या उन्हात किंवा बाजूला धरलेल्या एका दिव्यात ज्या ओळी उमटतात, त्या दुपारी बारा वाजता अस्तित्वातच नसतात. अभ्यासक लोक यासाठी ठसा घेतात. दगड स्वच्छ धुऊन त्यावर ओला कागद बसवायचा, दाट केसांच्या ब्रशाने तो ठोकत ठोकत प्रत्येक खाचेत दाबायचा, आणि तो जरा सुकला म्हणजे शाईच्या बोळ्याने वरून टिपायचे. उंचावरचा भाग काळा होतो, खाचेतली अक्षरे पांढरी राहतात. कागद उचलला की आठशे वर्षांचे पान हातात येते. एखाद्या संध्याकाळी दगडाच्या प्रतिकृतीवर हा ठसा पाचपन्नास माणसांसमक्ष घेऊन दाखवावा. मूळ दगडाला मात्र शाईचा स्पर्शही होऊ देऊ नये. देवनागरी वाचणारे शाळकरी मूल त्यातील चार अक्षरे ओळखेल, आणि ती ओळखल्यावर ते शिळेला विसरणार नाही.

धारची दुसरी प्रसिद्ध वस्तू धारमध्ये नाही. ती लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. संगमरवराची, सव्वा मीटरहून किंचित उंच अशी ही देवीमूर्ती १८७५ साली धारच्या जुन्या राजवाड्याच्या परिसरात सापडली, आणि १९०९ पासून त्या संग्रहालयात तिची नोंद आहे. बैठकीवर संवत् १०९१, म्हणजे इसवी सन १०३४, भोजराजाच्या काळातील लेख आहे. दीर्घकाळ ही मूर्ती सरस्वतीची, भोजाच्या वाग्देवीची समजली गेली आणि अनेकांच्या मनात ती आजही तशीच आहे. पुढे हरिवल्लभ भायाणी यांच्यासारख्या विद्वानांनी लेख बारकाईने वाचला, तेव्हा त्याचा अर्थ असा लागला की, वररुचीने आधी वाग्देवी आणि मग तीन जिनमूर्ती करवून त्यानंतर ही अंबेची मूर्ती घडविली. म्हणजे ही जैन परंपरेतील अंबिका. पायाशी सिंहही आहे. घडविणाऱ्याचे नाव मनथल, सहिर सूत्रधाराचा मुलगा. मूर्ती परत यावी ही धारकरांची मागणी जुनी आहे आणि तिच्यामागील भावना समजण्यासारखी आहे. माझे म्हणणे एवढेच, की मूर्ती येवो वा न येवो, तो लेख, त्याचा ठसा आणि त्याची दोन्ही वाचने धारच्या एखाद्या दालनात शेजारी शेजारी लावायला कोणाची परवानगी लागत नाही. तेवढ्यानेही एक उत्तम प्रदर्शन होईल. वाद घालणाऱ्यांनी निदान एकदा लेख पाहून वाद घालावा.

धारच्या किल्ल्यात परिसरातील पुष्कळ शिल्पे ठेवलेली आहेत. हा तांबड्या दगडाचा किल्ला मराठी वाचकाला परका नाही. राघोबादादांच्या धामधुमीत आनंदीबाईंनी येथे आश्रय घेतला आणि दुसऱ्या बाजीरावाचा जन्म १७७५ साली येथेच झाला. गावात लाट मशिदीपाशी लोखंडाचा प्राचीन स्तंभ तीन तुकड्यांत पडलेला आहे. तुकडे जोडले तर लांबी तेरा मीटरांच्या घरात जाते. दिल्लीच्या प्रसिद्ध लोहस्तंभाहून हा कितीतरी लांब. परंतु दिल्लीचा उभा आहे, म्हणून त्याला मिठी मारायला लोक रांगा लावीत, आणि धारचा आडवा आहे म्हणून शेळ्या त्याच्या सावलीला बसतात, असे कोणी म्हटले तर ते अगदीच खोटे ठरणार नाही.

पण धारमध्ये गेलेल्या मराठी माणसाने ज्यासाठी मुद्दाम वेळ राखून ठेवावा, ती गोष्ट इतकी प्राचीन नाही. ती आहे शिल्पकार रघुनाथ कृष्ण फडके यांचा स्टुडिओ. मुंबईच्या गिरगाव चौपाटीवर लोकमान्य टिळकांचा जो पुतळा आहे, तो फडक्यांच्या हातचा. त्यांचा जन्म वसईचा, १८८४ सालचा. धारच्या दरबाराच्या निमंत्रणावरून ते माळव्यात आले आणि तेथलेच होऊन गेले. धारच्या लक्ष्मी कला भवनात त्यांनी मुलांना चित्र-शिल्पाचे धडे दिले. १९६१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. १९७२ मध्ये ते निवर्तले. मुंबईतील लक्षावधी लोक रोज त्यांच्या कृतीवरून जातात आणि कर्त्याचे नाव बहुतेकांना ठाऊक नसते. पुतळ्याचे भाग्यच असे की लोक त्यात पुढाऱ्याला पाहतात, शिल्पकाराला नाही.

शिल्पकाराला पाहायचे असेल तर त्याच्या कामाच्या जागी जावे लागते. चौकात उभा असतो तो ब्राँझचा किंवा दगडाचा पुतळा, म्हणजे कामाचा शेवटचा टप्पा. त्याच्या आधी लोखंडी सळ्यांच्या सांगाड्यावर ओल्या मातीचा पुतळा घडतो. बोटे फिरतात ती त्या मातीत. माती वाळली तर तडकते, म्हणून तिच्यावर प्लॅस्टरचा साचा घेतात. साचा सुटताना मातीचा पुतळा मोडतो आणि ती माती पुन्हा पिंपात जाते. मग साच्यात प्लॅस्टर ओतून जो पांढरा पुतळा निघतो, त्यावरून धातूचे ओतकाम करतात. मातीच्या पुतळ्यावरील प्रत्येक अंगठ्याची खूण, कोरणीचा प्रत्येक फटकारा ज्याच्यावर जसाच्या तसा उतरतो, तो हा प्लॅस्टरचा पुतळा. मातीचे मूळ राहत नाही. म्हणून हाच शिल्पकाराच्या हाताचा पहिला साक्षी. शिल्पकाराच्या स्टुडिओत जी मंडळी पांढऱ्या रूपात दाटीने उभी असतात, ती अशी. कोणी संत, कोणी संस्थानिक, कोणी साधा म्हातारा. पण सर्वांच्या अंगावर एकाच माणसाची बोटे.

आणि येथेच खरी काळजीची गोष्ट आहे. प्लॅस्टरसारखी दुबळी वस्तू नाही. ते ओल शोषते, मऊ पडते, त्याची भुकटी होऊ लागते. आतील सळईला गंज चढला की ती फुगते आणि बाहेरचे प्लॅस्टर फोडते. प्रथम बोट जाते, मग नाक, मग हात. ब्राँझ शतकानुशतके पावसात उभे राहील. प्लॅस्टरला चार गळके पावसाळे पुरतात. ते वाचविण्याचे उपाय अवघड नाहीत: छप्पर धड असावे, हवा खेळती असावी, धूळ कोरड्या मऊ ब्रशाने काढावी, ओले फडके कधी लावू नये. पण हे उपाय कोण करील? जेथे माणसे येतात, तेथे छपराची गळती कोणाच्या तरी नजरेस पडते, कोणी तरी विचारतो, वर्तमानपत्रात दोन ओळी येतात, आणि गवंडी बोलावला जातो. जेथे कोणी येत नाही, तेथे पाऊस आपले काम निवांतपणे करतो. म्हणून संग्रहालयातील वर्दळ ही शोभेची गोष्ट नव्हे. ती वस्तूंच्या जिवाची गोष्ट आहे.

संस्थानी काळात ही वर्दळ दरबारच्या आश्रयाने होत असे. औंधच्या पंतप्रतिनिधींनी १९३८ साली आपल्या छोट्या राजधानीत संग्रहालय उभारले. रविवर्म्याच्या चित्रांबरोबर हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराची एक कृतीही त्या डोंगरावर जाऊन बसली आहे. बडोद्याची चित्रशाळा तर सर्वश्रुतच. इंदूरला दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांनी १९२७ साली चित्रकलेची शाळा काढली आणि तिच्यातून बेंद्रे, हुसेन, विष्णू चिंचाळकर यांच्यासारखे चित्रकार निघाले. राजे गेले, त्याबरोबर राजाश्रय गेला. ते योग्यच झाले. पण राजाश्रयाबरोबर संध्याकाळही गेली, याची दखल कोणी घेतली नाही. वस्तू सरकारी यादीत चढल्या, आणि ज्यांच्यासाठी दिवे लागत ती बैठक उठली.

देवासला ही बैठक वेगळ्या मार्गाने टिकली. त्या गावाची मौज अशी की एकाच गावात दोन राज्ये होती: थोरली पाती आणि धाकटी पाती. तुकोजी आणि जिवाजी या दोघा भावांपासून ही वाटणी चालत आली. दोन राजे, दोन वाडे, दोन कारभार आणि दोघांवर नजर ठेवणारी चामुंडेची एकच टेकडी. थोरल्या पातीचे तुकोजीराव महाराज यांचा खासगी चिटणीस म्हणून १९२१ मध्ये ई. एम. फॉर्स्टर हा इंग्रज कादंबरीकार येथे राहिला. गोकुळअष्टमीचा वाड्यातील उत्सव, ती भजने, ते दिवे, ती गर्दी पाहून तो चक्रावून गेला. १९२४ च्या ‘अ पॅसेज टु इंडिया’ या कादंबरीचा शेवटचा भाग त्या अनुभवातून उतरला आणि १९५३ मध्ये ‘द हिल ऑफ देवी’ या पुस्तकात त्याने देवासच्या आठवणी प्रसिद्ध केल्या. सारे गाव एका सौंदर्यानुभवात सामील होते, प्रेक्षक कोण आणि कर्ता कोण हे ओळखू येत नाही, ही गोष्ट त्या पाहुण्याला नवी होती. आपल्याला ती इतकी परिचित आहे की तिची किंमत आपण केली नाही.

धाकट्या पातीच्या दरबारात उस्ताद रजबअली खाँ होते; त्यांचे देहावसान देवासलाच १९५९ मध्ये झाले. आणि १९४८ साली क्षयाने जर्जर झालेले तेवीस-चोवीस वर्षांचे कुमार गंधर्व कोरड्या हवेसाठी देवासला आले. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांच्या कानावर येत ती माळव्यातील बायकांची गाणी: लग्नातली, पावसाळ्यातली, सणावारांची. पाच-सहा वर्षांनी ते पुन्हा गाऊ लागले तेव्हा त्या गाण्यांचा साठा त्यांच्यापाशी झालेला होता. येथे मला आपले लक्ष एका गोष्टीकडे वेधायचे आहे. कुमारांनी तो साठा नुसता गाऊन दाखविला नाही. त्यांनी त्याची प्रदर्शने मांडली. ‘गीत वर्षा’, ‘गीत हेमंत’, ‘गीत वसंत’ असे एकेका ऋतूवर आखलेले कार्यक्रम. ‘मला उमजलेले बालगंधर्व’ हा एका कलावंतावर. आणि ‘तांबे गीत रजनी’ हा कवी भा. रा. तांबे यांच्यावर, ज्यांनी देवासच्या युवराजांना शिकविले होते. एक विषय घ्यायचा, त्याच्याभोवती रागदारी आणि लोकगीत शेजारी शेजारी ठेवायचे, क्रम विचारपूर्वक लावायचा आणि एका संध्याकाळी ते सारे रसिकांसमोर उलगडायचे. कलासंग्रहालयाच्या चांगल्या प्रदर्शनाची याहून नेमकी व्याख्या मला ठाऊक नाही. वस्तू तेवढ्या स्वरांच्या होत्या. १९९२ मध्ये कुमार गेले. त्यांच्या नावाचा संगीत समारोह देवासला होऊ लागला आणि मल्हार स्मृती मंदिराच्या सभागृहात गाव गाणे ऐकायला जमू लागले. देवासमध्ये बैठक आहे. धारमध्ये मूर्ती आहेत. या दोघांची गाठ कोणी घालून द्यावी, एवढेच उरले आहे.

गाठ घातल्याचे उदाहरण फार दूर नाही. भोपाळच्या मोठ्या तलावाच्या काठी १९८२ साली भारत भवन उभे राहिले. चार्ल्स कोरिया यांनी ते उतारावर पायऱ्या-पायऱ्यांनी असे बांधले की, पाणी समोर राहते आणि दालने जमिनीत दडतात. ‘रूपंकर’ या त्याच्या कलासंग्रहालयात चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांनी शहरी चित्रकारांच्या कृती आणि गोंड-भिल्ल कलावंतांच्या कृती एका मोलाने मांडल्या. पाटणगढ गावचे जनगढ सिंह श्याम हे गोंड चित्रकार जगापुढे आले ते यातूनच. त्याच आवारात रंगमंडळ, त्याच आवारात संगीत व कविता, आणि उघड्या आकाशाखालच्या पायऱ्या. नाटक पाहायला आलेला मनुष्य वेळ आहे म्हणून चित्रांच्या दालनात डोकावतो. चित्रे पाहायला आलेला गाणे ऐकून घरी जातो. पहिल्याला वाटत असते की चित्रांतले आपल्याला काही कळत नाही. दालनातून बाहेर पडताना तो हे वाक्य जरा हळू आवाजात म्हणतो.

यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो मला पोकळ वाटत नाही. संध्याकाळचे असे मेळावे म्हणजे चहा, फराळ, प्रमुख पाहुणे, हारतुरे आणि छायाचित्रे. चित्रांकडे पाठ करून उभे राहिलेल्या मंडळींची ती सभा. खरे आहे. मी अशी कित्येक उद्‌घाटने पाहिली आहेत जिथे फीत कापल्यानंतर भिंतीकडे कोणी वळले नाही. पण यावरचा उपाय संध्याकाळ बंद करणे हा नव्हे. उपाय असा की भाषणे कमी असावीत, खुर्च्या त्याहून कमी असाव्यात, आणि एका संध्याकाळी एकच वस्तू असावी. एका मूर्तीपुढे वीस माणसे अर्धा तास उभी राहिली, त्यांच्यात एक जाणता बोलला, एकीने प्रश्न विचारला, एका मुलाने मूर्तीच्या मागे जाऊन पाठ पाहिली, की काम झाले. मूर्तीची पाठ पाहणे हा शिल्प पाहण्याचा पहिला धडा आहे. आपल्या संग्रहालयांतील निम्म्या मूर्ती भिंतीला चिकटवून ठेवल्याने तो कोणाला मिळत नाही. चहा अवश्य असावा, पण दालनाबाहेर.

खर्चाचे म्हणाल तर दिवा, पहारेकऱ्याचा दोन तासांचा जादा पगार, पिण्याचे पाणी आणि स्त्रियांना निर्धास्तपणे घरी परतता येईल अशी वेळ, याहून अधिक लागत नाही. पहारेकऱ्याला मी या यादीत मुद्दाम घातले. लहान संग्रहालयात वस्तूंचा सर्वांत दीर्घ सहवास त्यालाच असतो. कोणत्या महिन्यात कोणत्या मूर्तीवर ऊन येते, हे तो सांगू शकतो. तज्ज्ञाला ते पुस्तकात मिळत नाही.

धार-देवासला जाणाऱ्याने इंदूरला मुक्काम करावा, म्हणजे दोन्ही गावे दोन दिवसांत होतात. धारला पोचावे ते सकाळी नव्हे, दुपार उलटल्यावर. आधी किल्ला, मग लाटेचे तुकडे, आणि ऊन तिरपे झाले की फडक्यांचा स्टुडिओ. मात्र तो उघडा आहे याची गावात आधी चौकशी करून. सोबत लहान विजेरी असावी, रखवालदाराला विचारून ती मूर्तीच्या बाजूने धरावी, समोरून नव्हे. देवासला जायचे तर एखाद्या गाण्याच्या कार्यक्रमाचा दिवस साधावा.

आणि धारकरांपैकी कोणी हे वाचीत असेल, तर त्यांच्यासाठी एक सूचना. वसंतात, एखाद्या मोकळ्या पटांगणात, ‘पारिजातमंजरी’चा प्रयोग करावा. संस्कृत जाणणारे, मराठी व माळवी बोलणारे, नाटकाची हौस असलेले, असे सर्व जण या कामाला लागतील. शिळेवर नाटिकेचे चारांपैकी दोनच अंक आहेत. दुसऱ्या अंकात राजा राणीच्या कर्णभूषणात पडलेले पारिजातमंजरीचे प्रतिबिंब चोरून न्याहाळतो, राणीच्या ते ध्यानात येते आणि ती रुसून निघून जाते. पुढचे दोन अंक दुसऱ्या शिळेवर होते, आणि ती शिळा अद्याप सापडलेली नाही. प्रयोग तेथेच थांबवावा, आणि प्रेक्षकांनी घरी जाताना पुढे काय झाले असेल ते आपापसांत ठरवावे.